चव कोणी बघल्यान?

रोझीबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा चपला काढायच्या आत त्यांनी माझा हात ओढून तळहातावर बांगड्याच्या तिखल्याचे, म्हणजे तिखट कालवणाचे, चार थेंब ओतले. "मीठ बघ गो," म्हणाल्या. मी मालवणात नवी होते, शाळेत नुकतीच रुजू झाले होते आणि आमची धड ओळखही नव्हती. चाटलं आणि भिडेखातर म्हटलं, "छान आहे."

बाईंचा चेहरा पडला. "छान? ह्यां काय मत झालां? कमी काय जास्त, ता सांग."

मी पुन्हा चाखलं. मीठ खरंच जास्त होतं. तसं सांगितल्याबरोबर बाई अशा खूश झाल्या की काय विचारता! आत जाऊन त्यांनी तिखल्यात नारळाचा रस वाढवला, पुन्हा माझ्या हातावर थेंब टाकले, मी मान डोलवली आणि मगच चूल विझली. त्या दिवशी मी जेवूनच परत आले. पुढची सगळी वर्षं मी त्या घरात अशीच तळहात पुढे करून शिरत राहिले.

रोझालिन फर्नांडिस हे त्यांचं हजेरीपटावरचं नाव. गावासाठी त्या रोझीबाई. आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. बुटक्या, गुटगुटीत, चालणं मात्र तुरुतुरु. शाळेत साडी, घरी फुलाफुलांचा झगा, आणि दोन्हीवर गळ्यात दोरीने लोंबणारा चष्मा. लग्न केलं नव्हतं. आईने मागे ठेवलेल्या कौलारू घरात एकट्या राहायच्या. घरामागे चार माड आणि माडांपलीकडे समुद्र. शिक्षकांना त्या नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. मी 'मराठी' होते. "गो मराठी, हय ये," अशी हाक आली की मला साऱ्या मराठी भाषेच्या वतीने धावत जावं लागे.

बाईंचा स्वतःवर विश्वास नव्हता असं कोणी म्हणेल, तर ते खोटं. विश्वास भरपूर होता, पण त्यावर त्या कधी विसंबून राहत नसत. म्हणायच्या, "देवान माका दोन डोळे दिल्यान, पण दोनय एकाच तोंडार. माझी पाठ माका खंय दिसता? तेका दुसरां तोंड होया." म्हणून साडीच्या निऱ्या शेजारणीने तपासायच्या, सहामाहीची प्रश्नपत्रिका आम्ही. परीक्षेआधी बाई आपला पेपर स्टाफरूममध्ये वाटायच्या आणि आम्हाला तो सोडवावा लागायचा. एकदा आमचे चित्रकला सर त्यात सपशेल नापास झाले. पण उठून म्हणाले, "बाई, कप्पीच्या गणितात दोरीचं दुसरं टोक कुठं बांधलंय, ते तुम्ही लिहिलेलंच नाही." बाईंनी प्रश्न वाचला, कपाळावर हात मारला आणि चित्रकलेला वर्गात नेऊन मुलांसमोर सांगितलं की ह्या सरांमुळे तुम्ही वाचलात. चित्रकला सर नंतर महिनाभर ताठ मानेने हिंडत होते.

फादरांचीही त्यातून सुटका नव्हती. रविवारचं प्रवचन संपलं की बाई चर्चच्या दारात उभ्या. "फादर, दुसरो दाखलो लांबलो. लोक जांभयो देय होते." पहिल्यांदा फादर रागावले. पुढे पुढे शनिवारी संध्याकाळी त्यांची सायकल बाईंच्या दाराशी दिसू लागली. प्रवचन आधी बाईंना वाचून दाखवायचं, मग देवाला. प्रवचनं आटोपशीर झाली आणि गावाने बाईंना दुवा दिला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. ते हसण्यावारी नाही, हे मला विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी कळलं.

दर वर्षी आमच्या शाळेतून काही प्रयोग निवडून कुडाळच्या मोठ्या प्रदर्शनाला जात. निवड करायची हेडसर, विज्ञानाचे जुने शिक्षक नाईक सर आणि आणखी एका ज्येष्ठ सरांनी. बाई विज्ञानाच्या असूनही त्यात नव्हत्या. पूर्वीपासून तसंच चालत आलं होतं. निवडलेली मुलं जवळजवळ नेहमी बाजारपेठेतल्या त्याच दोन-तीन आळ्यांतली असत. कोणी ठरवून करत होतं असं नाही. नाईक सर तर देवमाणूस. आजारी मुलाच्या घरी जाऊन धडे समजावून द्यायचे, बौद्धवाडीतल्या मुलाच्याही. तिथे फक्त अंगणात बसायचे, एवढंच. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही कधी लक्षात आलं नाही. दुष्टपणा करणारा माणूस समोर असला तर भांडता तरी येतं. इथे सगळी माणसं भली होती आणि निकाल मात्र दर वर्षी तोच.

नववीत सुनंदा होती. बौद्धवाडीतली, किडकिडीत, बोलायला कमी, पण एकदा प्रश्न विचारायला लागली की बाईंनाच घाम फुटायचा. तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गढूळ यायचं, वरच्या विहिरीवर जायची सोय नव्हती, म्हणून तिने पाणी गाळायची युक्ती मांडली होती. लाकडी घोडीवर एकाखाली एक तीन मडकी. वरच्यात खडी आणि वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात नितळ पाणी. ते उकळून निववायचं आणि प्यायचं. आधीची दोन वर्षं तिने हेच सुधारून सुधारून मांडलं होतं आणि दोन्ही वर्षं ती मडकी डोक्यावरून घरी परत गेली होती. दहावीचं वर्ष अभ्यासाचं, दहावीच्या मुलांना प्रदर्शनात घेत नसत. म्हणजे हीच तिची शेवटची संधी. कुडाळला जाऊन आलेल्या मुलीला पुढे कॉलेजात घालायला वडील तयार होतील, असं तिला वाटत होतं. नाहीतर दहावी झाली की मुंबईला मावशीकडे घरकामाला, हे ठरलेलं होतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी नाईक सरांना विचारलं, "सुनंदाचा प्रयोग दोन्ही वर्षं का राहिला, सर?"

"चांगला आहे हो. पण प्रत्यक्षात सिद्ध होत नाही," नाईक सर शांतपणे म्हणाले. शाळेत कामाचं बोलायचं तर आम्ही सगळे प्रमाण मराठी बोलायचो.

"पाणी स्वच्छ होत नाही?"

"दिसतं स्वच्छ. पण चवीचं काय? पिण्यायोग्य आहे, असं कसं म्हणायचं?"

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेली. "चव कोणी बघल्यान?"

नाईक सरांनी हेडसरांकडे पाहिलं, हेडसरांनी घड्याळाकडे. बाई एकेकाकडे वळून विचारत होत्या, "तुम्ही बघलात? तुम्ही?" दोन वर्षं पाण्याचा प्रयोग नापास होत होता आणि त्या पाण्याचा घोट कोणीच घेतला नव्हता! मला हसू येत होतं आणि अंगावर काटाही येत होता.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी आपली जुनीच रीत पुढे केली. यंदाचे प्रयोग मुलांनी एकमेकांचे तपासायचे, शिक्षकांनीही तपासायचे, आणि नियम दोनच. स्वतःच्या हाताने प्रयोग करून बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. आणि मत देताना ज्याचा प्रयोग त्याच्या तोंडावर कारण सांगायचं. हेडसरांना यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. बुधवार ठरला.

त्या बुधवारी आमच्या शाळेत जे घडलं, त्याला मी आजही निर्जळी बुधवार म्हणते. बाकीचे प्रयोग लोकांनी अगदी हौसेने तपासले. घंटी वाजवली, कप्पी ओढली, दुर्बिणीतून शेजारच्या घरातलं वाळवण पाहिलं. सुनंदाच्या मडक्यांपाशी आले की मात्र प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. भूगोलाचा घसा बसला होता. चित्रकलेचं पोट बिघडलं होतं. ज्येष्ठ सर आताच चहा घेऊन आले होते. आणि नाईक सरांचा उपास होता.

"उपासाक पाणी चलता, सर," बाई म्हणाल्या.

"निर्जळी आहे."

"बुधवारचो निर्जळी उपास खयच्या देवाचो?"

मुलं खिदळली. नाईक सर लाल झाले. बाईंनी एक पेला भरून गटागटा प्यायला. मग मी प्यायले. त्यात शौर्य काही नव्हतं. आमच्या घरी कोणाच्याही हातचं पाणी चालायचं म्हणून गावी लोकांनी आमच्या नावाने आधीच बोटं मोडलेली होती, आणि उन्हाने मला खरंच तहान लागली होती. पण आम्ही दोघी प्यालो म्हणून काय झालं? बाईंना सगळे ओळखून होते आणि मी त्यांची शेपूट. मुलंसुद्धा पुढे येईनात. घंटीवाला मुलगा मागे मागे सरकत म्हणाला, "माका तान नाय, बाई."

"तान नको, मत होया," बाई म्हणाल्या. तरी तो हलला नाही. सुनंदा मडक्यांमागे उभी होती. तिचं ते खाली बघणं मला बघवेना.

तेवढ्यात देवबागची फिलोमिन पुढे आली. कोळंबीसारखी टुणटुणीत पोर, होडीतून उतरून दोन मैल चालत शाळेत येणारी. तिने पेला उचलला, अर्धा प्यायली, तोंड वाकडं केलं आणि नियमाप्रमाणे सुनंदाच्या तोंडावर सांगितलं, "पाणी बरां आसा. पण कोळशाचो वास मारता."

मला वाटलं, आता सुनंदा रडणार. तिने मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या कामात खोट काढली होती. तिच्यात नाही, तिच्या वाडीत नाही, तिच्या पाण्यात. "वास? खंय? माका येऊक नाय!" म्हणत ती स्वतः प्यायली. घंटीवाल्याला राहवेना. "बघू बघू," म्हणत त्याने पेला ओढला. "येता वास." दुसरा म्हणाला, "हॅट, काय येणा नाय." झालं, बाचाबाची सुरू झाली. वास येतो म्हणणारे एका बाजूला, येत नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि पेला हातोहात फिरतोय. भूगोलाचा घसा मोकळा झाला. चित्रकलेने दोनदा पिऊन दोन वेगळी मतं दिली. कोणीतरी ओरडलं, "नाईक सरांका विचारा!" आणि सरांनी सवयीने, जसा ते प्रयोगशाळेतला कुठलाही पेला नाकाशी धरत, तसा तो धरला, हुंगला, मोठा घोट घेतला आणि निकाल दिला, "कोळसा नीट धुतलेला नाही."

मग त्यांना आपला उपास आठवला. पेला हातात तसाच. नाईक सर क्षणभर घुटमळले, मग उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "तीन पाण्यांनी धू," सुनंदाला म्हणाले, "मग नेऊ या कुडाळला." मी त्या दिवशी नाईक सरांवर खूप माया केली, मनातल्या मनात.

गोष्ट इथे संपली असती तर बाई मला एवढ्या आठवल्या नसत्या. खरी गोष्ट पुढच्या रविवारी झाली.

सुनंदा शंका विचारायला बाईंच्या घरी अधूनमधून यायचीच, त्या दिवशी कोळसा धुवायला आली होती. मागच्या पडवीत आम्ही तिघी. बाई भलत्याच खुशीत. त्यांचं पालुपद चाललं होतं, "आमच्यात तसला काय नाय हां. देवळात सगळे एका बाकार." चर्चला त्या देऊळच म्हणायच्या. सगळ्यांना चहा केला. आणि मग शिरस्त्याप्रमाणे सुनंदाला म्हणाल्या, "तुझो प्रयोग सगळ्यांनी तपासलो. आता तू माका तपास. माझ्यात काय खोट आसा, सांग."

सुनंदा कपात बघत राहिली. बाई पाठीच लागल्या. "नियम इसारलंस? तोंडार सांगूक होया."

सुनंदाने हातातला कप जमिनीवर ठेवला. पांढरा, निळ्या काठाचा, टवका उडालेला इनॅमलचा कप. आमच्या दोघींच्या हातात चिनी मातीचे कप होते, बशीसकट. ती हळूच म्हणाली, "बाई, माझो कप वेगळो आसता."

बाईंनी कपाकडे पाहिलं, मग पडवीतल्या खिळ्याकडे. तो कप त्या खिळ्याला लटकलेला असे. बाईंच्या आईच्या वेळेपासून तो तिथेच होता. लाकडं आणणाऱ्या, शेण सारवणाऱ्या बायांसाठी. आई गेली, कप राहिला.

"कधीपासून देतंय मी तुका त्यात?"

"पयल्यापासून."

"आणि तू काय बोलूक नाय?"

"तुम्ही इचारूक नाय."

बाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या असाव्यात. त्या आपली कपबशी धुऊन, ताज्या चहाने भरून बाहेर आल्या, ती सुनंदापुढे ठेवली, खालचा इनॅमलचा कप उचलला आणि तिचा उष्टा, गार झालेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. डोळे भरलेले होते, पण सूर त्यांचा नेहमीचाच. "माझो हात आपसूक त्या खिळ्याकडे जाय होतो गो. सगळ्यांका इचारलंय, ह्या हाताक मात्र कोणी इचारूक नाय." मग माझ्याकडे वळून खेकसल्या, "आणि तू, मराठी? तुका दिसूक नाय?"

मला दिसलं नव्हतं. खरंच नव्हतं. म्हणून तर तिसरं तोंड लागलं.

त्या दिवसापासून तो खिळा रिकामा झाला. कप फेकला असेल, असं मला वाटलं होतं. पुढच्या खेपेला गेले तर बाई त्यातूनच चहा पीत होत्या. मी तो सहज उचलून धुवायला गेले, तर माझ्या हातातून काढून घेतला. "तो न्हय. तो माझो."

सुनंदाला कुडाळला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी मडक्यांच्या भोकांवरून तिला चांगलं फैलावर घेतलं. परत आली ती फुलून. "बाई, तेणी पाणी पियालां, मगे इतक्यो चुको काढल्यानी!" असं सांगताना तिचे दोन्ही हात पसरलेले होते. तो उत्साह बघून वडिलांनी तिला दहावीनंतर कणकवलीच्या कॉलेजात घातलं, शास्त्र शाखेला. आणि शाळेत बाईंचे ते दोन नियम कायम राहिले. नाईक सर तर पुढे ते नियम आपलेच असल्यासारखे सांगत. बाईंनी त्यांना कधी अडवलं नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा सुनंदा कणकवलीला कॉलेजातच होती. एकटं राहवेना म्हणून म्हापशाला बहिणीकडे जायचं ठरलं. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले होते. बाई खिडकीशी बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून त्या कपाचा निळा काठ डोकावतोय. गाडी सुटायच्या बेताला आली आणि कणकवलीच्या गाडीतून उतरून सुनंदा धावत आली. केस विस्कटलेले, हातात डबा. बाईंसाठी बांगड्याचं तिखलं करून आणलं होतं.

बाईंनी खिडकीतून तळहात बाहेर काढला. सुनंदाने चार थेंब टाकले.

"मीठ जास्त आसा."

"नाय बाई, बराबर आसा. मी बघितलंय."

"मी सांगतंय, जास्त आसा!"

"तुमचीच जीभ अळणी झालीहा."

आता यांचं मिटणार कसं? कंडक्टर शिट्टी तोंडाशी नेत होता. बाईंनी त्याला हाक मारली, "कंडक्टर, हय येवा. ह्येचां मीठ बघा." त्याने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा सुनंदाकडे, तिकिटांची पेटी काखेत सरकवली आणि तळहात पुढे केला. चाटलं. विचार केला. "नीट कळूक नाय," म्हणाला, "आणखी जरा घाल." दुसऱ्यांदा चाटून त्याने हात विजारीला पुसला. "बराबर आसा. बसा आता."

"दोन आणि एक. हरलंय," बाई म्हणाल्या. इतक्या आनंदाने हरलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून कप काढून खिडकीबाहेर धरला. सुनंदाने आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, आणि तेवढ्यात गाडी हलली. अर्धं पाणी बाईंच्या साडीवर सांडलं, उरलेलं त्यांनी प्यायलं. मग तोंड पुसून खिडकीतून मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण बोट हलत होतं, त्या अर्थी पाण्यात काहीतरी खोट सापडली होती.

सुनंदा डबा छातीशी धरून गाडीमागे धावली. "बाई," ती ओरडत होती, "कारण सांगा! कारण!"